शेंदरी कोट आणि माझा उजवा हात

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नव्हे, कपड्यांच्या दुकानातला. माझ्यासमोर कुणी भाषण केलेलं नाही, माझ्या डोक्यावर कबुतरं बसलेली नाहीत आणि माझ्यावरून दंगल झाली ती एकदाच. तीच सांगायची आहे. पण आत्मवृत्त म्हटलं की जन्मापासून सुरुवात करावी लागते, तेव्हा थोडा धीर धरा.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका कारखान्यात झाला. उग्र वासाचा रस साच्यात ओतला, तो कडक झाला आणि मग साच्यावर लाकडी हातोडा मारमारून मला बाहेर काढलं. माझ्याआधी निघालेल्या भावाच्या कमरेला बारीक चीर होती. कारागिराने ती बोटाने चाचपली, मान हलवली आणि त्याच हातोड्याने भावाचे तुकडे केले. भाऊ ओरडला नाही, कारण आम्हाला तोंड देत नाहीत. डोळेही देत नाहीत, पण आत्मवृत्त सांगणाऱ्याने असल्या गोष्टींत अडकू नये. माझी छाती बेताचीच ठेवली होती, म्हणजे बाईचे कपडे घाला की पुरुषाचे, तक्रार नको.

तुम्हाला आई कपडे घालते तेव्हा म्हणते, "हात वर कर." आमच्यात विचारायची पद्धत नाही. आमची कोपरं वाकत नाहीत, म्हणून हात आधी खांद्यातून उपटतात, बाहीत घालतात आणि पुन्हा खोबणीत ठोकतात. पॅन्टसाठी कमरेतून दोन तुकडे करून उलटं धरतात. सवयीने सगळं अंगवळणी पडतं.

दुकानात हे काम आमच्या बाई करत. केस काळे होते तेव्हापासून दुकानाची दर्शनी काच त्यांच्याकडे होती. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे त्या बोलत कमी. पांढरा शर्ट, करडी पॅन्ट, काळे बूट, यापलीकडे त्यांचा कशावर विश्वास नव्हता. "कपड्याने माणसाच्या आधी दारातून आत शिरू नये," असं त्या म्हणत. सुरुवातीला लोक थांबून बघायचे, माझं कौतुक करायचे. पण वर्षं गेली आणि बाईंची काच इतकी सभ्य झाली, की एकदा एक गृहस्थ टोपी काढून आत आले आणि हळू आवाजात शवपेट्यांचे भाव विचारू लागले.

तेव्हा मालकांनी जावयाला दुकानात आणलं. जावई त्याआधी मोटारींचे हॉर्न विकायचा. लोकांनी दचकून वळून बघितलं म्हणजे माल खपला, ही त्याची श्रद्धा. पहिल्याच दिवशी त्याने मला टिकल्यांचं जॅकेट, सोनेरी पॅन्ट, पिसांची टोपी आणि गळ्यात साखळ्या घातल्या. लोकांनी वळून बघितलं, हे खरं. एका कुत्र्याने काचेवर झेप घेतली आणि नाक फोडून घेतलं. एक लहान मूल रडत रडत आईच्या कडेवर चढलं. आत मात्र कुणी आलं नाही.

"आता यात दिवे लावायचे राहिलेत," बाई म्हणाल्या.

"दिवे मागवलेत," जावई म्हणाला.

बाईंनी त्याच्या दंडात टाचणी खुपसली. त्याने हँगर भिरकावला, तो माझ्या कपाळाला लागला. तिथला टवका अजून आहे. बाईंनी बूट उचलला.

"माझं दुकान आहे की आखाडा?" मालक गल्ल्यावरून उठले. "पुतळा एकच आहे. बाई, तुम्ही आतलं घाला. जावईबापू, वरून तुमची एक वस्तू. एकच, आणि साखळीसुद्धा वस्तूच असते. संध्याकाळपर्यंत या पुतळ्याच्या अंगावरचं ज्याचं विकलं जाईल, काच त्याची. दुसऱ्याने गोदामात बसायचं."

गोदाम म्हणजे तळघर. बाईंनी उभा जन्म रस्त्यावरच्या माणसांची पावलं आपल्या कामापाशी अडखळताना बघितली होती. तळघरात त्यांना खोकी दिसणार होती. 

त्यांनी मला पांढरा शर्ट आणि करडी पॅन्ट घातली. जावयाने बराच वेळ डोकं खाजवून एक शेंदरी कोट आणला. रुंद कॉलर, गुडघ्यापर्यंत लांब. माझे हात पुन्हा उपटले, पुन्हा ठोकले. आणि काचेत मी स्वतःला पाहिलं. खोटं कशाला सांगू, मित्रांनो, मी पहिल्यांदाच कुणीतरी दिसत होतो. पांढऱ्या-करड्याने त्या कोटाला उभं राहायला जागा दिली होती आणि कोटाने त्या दोघांना जागं केलं होतं. बाईंनीही पाहिलं. टाचण्या गिळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. इतकी वर्षं काय राहून गेलं होतं ते त्यांना कळलं, आणि ते जावयाच्या हातून आलं होतं.

दुपारी रस्त्याच्या दोन बाजूंनी दोघी आत घुसल्या. त्या नणंद-भावजय होत्या. नणंदेने माझी डावी बाही धरली, भावजयीने उजवी.

"वहिनी, सोडा. मी आधी बघितला."

"बघितला तर सगळ्या रस्त्याने, ताई. हात मी आधी लावला."

"तुम्हाला शोभणार नाही हो. खांदे बघा जरा आपले."

"तुमच्या भावाचं ओझं वाहून झालेत असे."

नणंदेने ओढलं. भावजयीने ओढलं. मी मधे होतो, याची कुणी दखल घेतली नाही. जावई आनंदाने हात चोळत होता, कारण कोट खपणारच होता. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मग काखेतली शिवण फाटत गेली आणि उजवी बाही माझ्या हातासकट भावजयीकडे गेली. ती तोल जाऊन बुटांच्या मांडणीवर कोसळली, उठली आणि बाहीतून माझा हात उपसून नणंदेच्या पाठीत घातला. नणंदेने तिचे केस धरले आणि डोकं गल्ल्यावर आपटलं. एक बूट उडून मालकांच्या छातीवर बसला. बाहेर गर्दी जमली. कोण बरोबर आहे यावरून तिथेही दोन माणसांची जुंपली.

"कोट! कोट सांभाळा!" म्हणत जावई मधे पडला. माणसं सांभाळा असं तो म्हणाला असता, तर कदाचित मारातून वाचला असता. माझा हात भावजयीने गरकन फिरवला आणि तो त्याच्या कपाळावर बसला. तो मागे माझ्यावर पडला, मी काचेवर पडलो आणि काच आम्हा दोघांवर. कोटाच्या चिंध्या झाल्या. माझा खांदा खोबणीसकट फुटला.

तेव्हा कुठे नणंद आणि भावजय एकमेकींचे केस सोडून म्हणू लागल्या, "अगं बाई, रक्त."

कोट संपला होता, जावयाचं विकायला काही उरलं नव्हतं. म्हणजे बाईंना नुसतं उभं राहायचं होतं, काच त्यांचीच होती. त्या काचांवरून चालत आल्या. माझ्या अंगावरून उतरवलेलं टिकल्यांचं जॅकेट जावयाने स्वतः चढवलं होतं आणि आता ते रक्ताने भिजलं होतं, ते त्यांनी कात्रीने कापून काढलं. माझा शर्ट माझ्या अंगातून ओढला आणि त्याला घालू लागल्या. सवयीने आधी त्याचा हात पिरगळला. तो किंचाळला.

"तुमचा निघत नाही वाटतं," बाई म्हणाल्या.

मग पडलेली शेंदरी बाही उचलून त्याच्या डोक्याला करकचून बांधली. तो माझ्याच चौथऱ्यावर भिंतीला टेकून बसला. पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, ती त्याच्या बायकोने निवडलेली, आणि कपाळावर तेवढा शेंदरी पट्टा. इतका देखणा तो स्वतःच्या लग्नातही दिसला नसेल.

फुटक्या काचेतून एका माणसाने डोकं आत घातलं. "हे असं सगळं मिळेल? डोक्याचंसुद्धा?"

"रक्त सोडून मिळेल," बाई म्हणाल्या.

त्याच्यामागे आणखी तिघे उभे होते.

निवाडा मालकांना करायचा होता. शर्ट बाईंचा, बाही जावयाची, ती बांधायची अक्कल पुन्हा बाईंची आणि डोकं जावयाचं. ते छाती चोळत म्हणाले, "काच दोघांची. रोज भांडा, पण पुतळ्यावर दोघांची सही हवी."

पण गोदामात कुणीतरी बसायचं हा त्यांचा शब्द होता, आणि ते शब्दाचे पक्के. माझी खोबण जुळण्यासारखी राहिली नव्हती. मला खाली आणून भिंतीकडे तोंड करून ठेवलं, अर्थात तोंड असतं तर.

वर आता नवा पुतळा आहे. काच उत्तम चालली आहे म्हणतात. अधूनमधून हँगर आपटल्याचा आवाज येतो, तेव्हा मला कळतं की उद्याचा वेष ठरतो आहे. बाई कधीतरी खाली येतात, माझ्या कपाळावरच्या टवक्यावरची धूळ पुसतात आणि वर जातात.

तर मित्रांनो, साधे, अंगाला बसणारे कपडे भरपूर बाळगा, आणि त्यांच्यात एखादाच मोठ्याने बोलणारा असू द्या. तो कोणता, हे दुकानदाराला विचारू नका. आणि दुकानात कुठल्याही कोटाची बाही ओढण्याआधी, आत कुणी आहे का, तेवढं बघत चला.