बिनफोडणीचं वरण

एक तारखेला, मंगळवारी, पालिकेच्या रुग्णालयात ‘हरित ताट’ सुरू झालं, तेव्हा सुनीतीताईंना मनातून फार समाधान वाटलं. तेवीस वर्षं त्या इथलं स्वयंपाकघर सांभाळत होत्या. कुणाला मीठ कमी, कुणाची साखर बंद, कुणाला नुसती पेज, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. पण आपल्या ताटाचा आणि तापत चाललेल्या पृथ्वीचा काही संबंध आहे, असं पालिकेच्या तोंडून त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

पर्यावरण विभागाचे श्यामसुंदर साहेब महिनाभर आधी येऊन समोर बसले होते. माणूस सरळ. “ताई, सक्ती कुणावर नाही,” ते म्हणाले. “आपण होऊन जे ताट देतो, ते डाळी-भाज्यांचं असेल, इतकंच. अंडं ज्याला हवं त्यानं मागायचं, की मिळेल. उरणच्या खारजमिनीत भरतीचं पाणी दरवर्षी आणखी आत शिरतंय. एकट्या ताटानं ते थांबणार नाही, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी ना?”

सुनीतीताईंना ते पटलं. आपण देवासाठी म्हणून जन्मभर पाळलं, ते आता लोक धरित्रीसाठी पाळणार असतील तर त्यात वाईट काय?

ताटातले पदार्थ त्यांनीच ठरवले. मोड आलेल्या मटकीची उसळ, वाफवलेला दुधी, नाचणीची भाकरी, भात आणि साधं वरण. तेल कमी, गॅसही कमी, म्हणून वरणाला फोडणी नाही. त्यांच्या घरी नैवेद्याचं वरण असंच व्हायचं, हिंग-हळदीचं, वर किंचित गूळ. देवापुढे ठेवतो ते आजारी माणसापुढे ठेवायला हरकत कसली, असा त्यांचा साधा विचार.

आचारी दत्तू मात्र कुरकुरला. “ताई, तेलाचा डबा आता घरी न्या, देवापुढच्या समईला. इथं त्याचं कामच संपलं.”

“नेते हं. आणि तुझा झाराही नेते, तोंड चालवतोस त्यापेक्षा तो कमी वाजतो.”

“पेशंट उठून पळेल, सांगून ठेवतो.”

“पळण्याइतका बरा झाला तर चांगलंच की रे.”

सुनीतीताईंचा एक नेम होता. तो त्यांनी कुणाला बोलून दाखवला नव्हता, पण स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक होता. वॉर्डातली शेवटची ताटं खाली परत आल्याशिवाय त्या तोंडात घास घालत नसत. कधी अडीच वाजायचे, कधी साडेतीन. ताटांवर खाटेचे आकडे कोरलेले होते, तेवढे एकदा नजरेखालून घालायच्या, मग हात धुऊन आपल्या डब्यापाशी बसायच्या.

त्या आठवड्यात बरीच ताटं अर्धवट परत येत होती. नवी चव, लोकांना सवय नव्हती. पण पुरुषांच्या वॉर्डातलं चौदा नंबरचं ताट रोज लख्ख यायचं, शीत न् शीत पुसून घेतल्यासारखं. चौकशी केली तर खाटेवर उरणकडचे सिताराम काका, मोटरसायकलला ट्रेलरनं उडवलं म्हणून कंबरेचं हाड मोडून आलेले. जन्मभर खाडीवर मासेमारी केलेला माणूस आणि दुधी-वरणाचं ताट असं स्वच्छ करतो! सुनीतीताईंनी कौतुकानं श्यामसुंदर साहेबांना फोन करून हे सांगितलंसुद्धा.

शुक्रवारी संघमित्रा सिस्टर स्वतः खाली आल्या. मूळच्या परभणीकडच्या, बोलणं खणखणीत.

“ताई, चौदा नंबरचं उद्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी पुढं ढकललं.”

“का हो?”

“अंगात जीवच नाही त्यांच्या. शुगर खाली, बीपी खाली. अशा माणसाला भूल द्यायची कशी? चांगलं खाऊ घाला म्हणतात डॉक्टर. आता तुम्हीच सांगा, काय पाठवताय तुम्ही त्यांना?”

“अहो, सगळं जेवतात ते. ताट बघते ना मी रोज.”

“जेवत असतील तर जातंय कुठं?” सिस्टर म्हणाल्या.

या प्रश्नानं सुनीतीताईंना रात्रभर टोचणी लावली. शनिवारी दुपारी ताटांची ढकलगाडी वर निघाली तशा त्याही मागोमाग निघाल्या. वॉर्डाच्या दारात पालिकेचा हिरवा फलक होता. त्यावर वसुंधरा, कार्बन, शाश्वत आहार असे शब्द होते आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: अंडे हवे असल्यास परिचारिकेस सांगावे.

चौदा नंबरला पडदा अर्धा ओढलेला होता. म्हातारे सिताराम भिंतीकडे तोंड करून पडले होते. आणि खाटेच्या पायथ्याशी, खाली फरशीवर, वॉर्डाकडे पाठ करून त्यांची बायको गिरजाबाई त्यांचं ताट जेवत होती. घाईघाईनं, आवाज न करता, खाली मान घालून.

“मावशी,” सुनीतीताई हळूच म्हणाल्या.

गिरजाबाईंचा हात वाटीतच थांबला. चोरी सापडल्यासारखा चेहरा झाला. मग त्या पटकन उठल्या, उष्टा हात पदराआड धरून त्यांनी सुनीतीताईंना खुणेनंच बाहेर व्हरांड्यात नेलं.

“बाय, वरडू नका. त्यांना आयकू जाईल.”

“मी कशाला ओरडेन? पण काका जेवत का नाहीत?”

“मंगलवारपासून तोंड फिरवून हायेत. च्या घेतात दोन घोट. मी जेवा म्हनते, तर बोलतच नाय.” त्या थांबल्या. “आन अन्न टाकू कसं? मीच खाते. मना दुसरं काय चालतच नाय सध्या.”

“चालत नाही म्हणजे?”

गिरजाबाईंनी वॉर्डाच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज आणखी खाली नेला. “गारी आमचा अंकुश चालवीत होता. पोरगा माझा. गेल्या शनवारी, टक्कर झाली त्याच सांजेला गेला तो, दुसऱ्या हास्पिटलात. ह्यांना सांगलं, पाय मोरलाय, पलास्टरात हाय. डाक्टर बोलले, आपरेशन होईपातूर सांगू नका. दीरांच्या पोरानं अग्नी दिला. घरी सुतक हाय, बाय, चूल पेटत नाय. मी हितं दिसभर. हाटेलातलं, फोडनीचं सुतकात कसं खानार? तुमचं वरन बिनफोडनीचं आलं, तवा मना वाटलं, देवानंच धारलं.”

सुनीतीताईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते आपल्या नेमाचं. चार दिवस हा माणूस उपाशी होता आणि आपण रिकामं ताट बघून जेवत होतो. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना या विचाराची लाज वाटली. समोर बाईचा मुलगा गेलाय, आणि आपण कसला हिशोब मांडतोय!

“काकांनी अंडं मागितलं असतं तर मिळालं असतं हो,” त्या कसंबसं म्हणाल्या.

“मागनार? जन्मात कुनाकडं मीठ मागलं नाय त्यांनी. आन त्या पाटीवर काय लिवलंय ते आमाला कोन वाचून दावतो?”

सुनीतीताई तशाच खाली आल्या. त्यांना वाटलं, मासळीच्या तोंडाचा माणूस, हे सपक जेवण त्याच्या घशाखाली उतरत नसेल. “दत्तू, लसूण-मिरचीची झणझणीत फोडणी दे वाटीभर डाळीला. आणि दोन अंडी उकड.” दत्तूनं चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, पण ताईंचा चेहरा बघून मुकाट्यानं कढई चढवली.

ताट त्यांनी स्वतःच वर नेलं. काका, काका, अशी हाक मारल्यावर सितारामांनी मान वळवली. गालफडं बसलेली, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. त्यांनी ताटातल्या अंड्यांकडे पाहिलं, मग सुनीतीताईंकडे. राग नव्हता नजरेत, नुसतं दुखावलेपण होतं.

“ह्ये आता कशाला, बाय? दहा दिस तरी व्हऊ द्या.”

गिरजाबाईंनी खाटेचा गज धरला. “कसलं दहा दिस?”

“पोराचं सुतक हाय मना. आज पाचवा.” ते संथपणे, श्वास पुरवून पुरवून बोलत होते. “माझ्यापासून लपवतेस, लपव. मी बोललो काय? आईतवार, सोमवार ताटात अंडं आलं, तिखट डाल आली. मंगलवारी एकदम फोडनी बंद, अंडं बंद. तवाच कललं मना. तूच सांगलं असशील ह्यांना. बरी मानसं हायेत म्हनलं, आमची रीत पालतात. पन घास काय उतरंना.”

वॉर्डात वरचे पंखे फिरत होते. शेजारच्या खाटेवरचा माणूस पाणी पिता पिता थांबला.

सुनीतीताईंना आपल्या हातातलं ताट एकाएकी फार जड वाटू लागलं. जे वरण त्यांनी नैवेद्य म्हणून योजलं, ते या माणसापुढे चार दिवस मुलाच्या मरणाची बातमी होऊन येत होतं. आणि ते रांधणाऱ्यांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

गप्प राहणं सोपं होतं. पण न केलेल्या गोष्टीसाठी त्यांना बरी माणसं म्हटलं जात होतं, ते ऐकून घेणं त्यांच्यानं होईना.

“काका, आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी ताट सगळ्यांचंच बदललं. साऱ्या रुग्णालयाचं. हवापाणी बिघडत चाललंय, म्हणून पालिकेनं डाळी-भाज्यांचं जेवण सुरू केलंय. ते तुमच्यासाठी नव्हतं हो.”

सितारामांचे डोळे हळूहळू मोठे झाले. त्यांनी कोपरावर उठायचा प्रयत्न केला, कंबरेतून कळ आली, तरी मान उचललेलीच ठेवली. चार दिवस मेल्यागत पडलेल्या त्या चेहऱ्यावर कुठून कोण जाणे रक्त आलं.

“म्हंजे?” ते बायकोकडे बघत म्हणाले. “म्हंजे अंकुश... हाय?”

सुनीतीताईंना वाटलं, आपण काय करून बसलो हे! जिभेवर आलं होतं ते खरं होतं, पण त्या खऱ्यानं आता या म्हाताऱ्याला उंच उचलून धरलं होतं. गिरजाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. एक ‘हो’ म्हटलं की झालं असतं. हा माणूस आत्ता ताट ओढून जेवला असता, सोमवारी ऑपरेशन झालं असतं. सुनीतीताईंनी मान खाली घातली. हे उत्तर त्यांचं नव्हतं.

गिरजाबाई खाटेवर, नवऱ्याच्या पायाशी बसल्या. नेहमी त्या खालीच बसायच्या.

“नाय,” त्या म्हणाल्या. “शनवारीच गेला. सांजेला. आज आठवा हाय.”

सितारामांची मान परत उशीवर आली. ओठ हलत होते, पण रडणं येत नव्हतं. मग अगदी लहान आवाजात ते म्हणाले, “म्हंजे आईतवारी, सोमवारी... पोरगा जलत होता, आन मी अंडं खाल्लं.”

तेव्हा गिरजाबाईंचा बांध फुटला. आठ दिवस ती बाई रोज कुंकू लावून, पदर नीट करून पहिल्या गाडीनं येत होती आणि नवऱ्याला मुलाच्या प्लास्टरच्या गोष्टी सांगत होती. ती आता त्याच्या पायांवर डोकं टेकून मोठ्यानं रडली. संघमित्रा सिस्टर धावत आल्या, पडदा पुरता ओढून घेतला आणि गिरजाबाईंच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

सुनीतीताई ते अंड्यांचं ताट घेऊन खाली गेल्या. दत्तूला काही सांगितलं नाही. दुसरं ताट घेतलं, त्यात भात वाढला, वर साधं वरण, बाजूला भाकरीचा चतकोर. त्यांना आठवत होतं, वडील गेले तेव्हा स्मशानातून परतल्यावर समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई असंच काहीतरी झाकून घेऊन आल्या होत्या. दुःखातल्या घरी चूल पेटत नाही. पहिला घास, तो कडू घास, बाहेरच्यानंच आणून भरवायचा असतो. या माणसाला तो कुणी दिलाच नव्हता. घरच्यांनी दुःख लपवलं म्हणून शेजाऱ्यांनाही देता आला नव्हता.

त्यांचं सकाळचं पारायण अर्ध्यावर होतं. सुतकातल्या माणसाला शिवून त्या पोथीपुढे बसल्या नसत्या, आजवर कधीच नाही. जिना चढताना हे एकदा मनात आलं आणि तसंच निघून गेलं.

पडद्याआड आता रडणं शांत झालं होतं. सुनीतीताईंनी हात धुतले, भात कालवला आणि घास सितारामांच्या ओठांपाशी नेला.

“काका, हा मी शेजारधर्मानं आणलाय. नाही म्हणू नका.”

त्यांनी पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं.

घास चावायला त्यांना वेळ लागला. गिळताना डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. दुसरा घास सुनीतीताईंनी गिरजाबाईंना दिला. त्या बाईनं चार दिवस हेच अन्न खाल्लं होतं, पण आज तिला ते चोरून गिळायला लागलं नाही. पाचव्या-सहाव्या घासाला सितारामांनी हात पुढे केला आणि भाकरीचा तुकडा स्वतः मोडला.

“डॉक्टर अंगात ताकद भरा म्हणतात,” संघमित्रा सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या. “अंडं?”

“तेराव्यापातूर नाय,” सिताराम म्हणाले. आवाज क्षीण होता, पण त्यात घरच्या कर्त्या माणसाचा निश्चय होता. “परवा दहावा. मना तर नेनार नाय तुमी. हितूनच हात जोडीन.”

“मग अंड्याचं राहू दे,” सुनीतीताई म्हणाल्या. “मी डाळ दाट करते. मटकी दुप्पट वाढते, सकाळी शेंगदाणे भिजवून देते. भरेल ताकद. सिस्टर, डॉक्टरांशी मी बोलते. आणि मावशींचं ताट उद्यापासून वेगळं येईल, त्यांच्या नावानं.”

“नियमात बसत नाही ते, ताई.”

“माहीत आहे.”

खाली येऊन त्यांनी श्यामसुंदर साहेबांना फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं. ताट चांगलं आहे, त्या म्हणाल्या, ते बदलू नका. पण सोमवारपासून प्रत्येक खाटेपाशी जाऊन, हे ताट असं का आहे आणि काय मागता येतं, ते मी स्वतः सांगणार आहे. फलक ठेवा हवा तर. साहेब म्हणाले, “ताई, मीही येतो तुमच्याबरोबर.”

दुपारचे चार वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचा तक्ता भरायचा राहिला होता. त्यात प्रत्येक खाटेपुढे रकाने छापलेले: साधे, मधुमेह, मीठ कमी, पातळ. सुनीतीताईंनी चौदा नंबरपुढे कुठल्याच रकान्यात खूण केली नाही. बाजूच्या कोऱ्या जागेत त्यांनी आपल्या स्वच्छ अक्षरात लिहिलं: दोन ताटं. तेराव्यापर्यंत, घरच्या रीतीप्रमाणे.