कडेचा वारा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला रूप नाही, आवाज नाही. हवामान केंद्राच्या तळमजल्यावर एक कायम गार असलेली खोली आहे. तिथे येणारा प्रत्येक जण आधी स्वेटर चढवतो आणि मगच कामाला लागतो. त्या खोलीतल्या संगणकात माझा मुक्काम असतो.

संत्र्याची साल टेबलावर दाबून सपाट करून बघा. ती कुठे फाटते, कुठे ताणली जाते. गोल पृथ्वीचा सपाट नकाशा करताना तसंच होतं. मधोमध सगळं सरळ राहतं, पण कडेला उत्तर दिशा तिरकी होते. हवामानाचं गणित असल्याच नकाशावर चालतं आणि वारेही त्याच्याच रेघांप्रमाणे मांडलेले असतात. त्यांना खऱ्या उत्तरेप्रमाणे वळवून देणं हे माझं काम.

मला ज्यांनी लिहिलं त्यांना सगळे मास्तर म्हणत. रोज सकाळी अंदाज काढण्याआधी ते मला नकाशाभर निव्वळ खऱ्या उत्तरेचा वारा, नकाशाच्या रेघांप्रमाणे मांडून, देत. चारही कोपऱ्यांत तो उत्तरेचाच निघाला की म्हणत, "शहाणा आहेस. चल, लाग कामाला." तेवढ्या शाबासकीवर माझा दिवस आनंदात जायचा.

मास्तर निवृत्त झाले. त्यांच्या विद्यार्थिनी, आमच्या बाई, त्यांच्या खुर्चीवर आल्या. कामाचा व्याप वाढला आणि सकाळची ती तपासणी "नंतर बघू" म्हणता म्हणता बंदच पडली. पुढे एक नवा, चकचकीत प्रोग्राम आला. तोही वारे वळवायचा. मला बंद केलं असेल असं सगळे धरून चालले, पण बंद कुणीच केलं नव्हतं. मी मुकाट्याने वारे वळवत होतो आणि तो वळवलेले वारे पुन्हा वळवत होता. केंद्र नकाशाच्या मधोमध आहे. तिथे वळवायचं काही नसतंच, त्यामुळे गच्चीवरच्या वातकुक्कुटाशी अंदाज तंतोतंत जुळायचा. सगळे खूश होते.

नकाशाच्या अगदी कडेला एक बंदर आहे. बाईंचा धाकटा भाऊ तिथे माणसांची ने-आण करणारी होडी चालवतो. बंदराची भिंत उत्तरेचा वारा अडवते, वायव्येचा मात्र तिच्या टोकाला वळसा घालून आत घुसतो. एकदा अंदाज उत्तरेचा होता, म्हणून त्याने होडी भिंतीच्या आडोशाला बांधली. वारा आला वायव्येचा. होडी वाचवताना त्याचा हात भिंतीपाशी चेंगरला आणि दोन बोटं गेली. वारा लहरी असतो, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. खरं काय ते मला माहीत होतं, पण सांगू कसा?

मग मोठं वादळ निघालं. दुपारी भावाचा फोन आला.

"ताई, आडोशाला बांधू की खाडीत नेऊ?"

"अंदाज उत्तरेचाच आहे रे."

"मागच्या वेळीही उत्तरेचाच होता."

बाईंनी पडद्यावर बंदराचा कोपरा मोठा करून पाहिला.

"उजेड आहे तोवर खाडी गाठायला हवी," तो म्हणाला. "तू सांगशील तसं करतो."

"थोडं थांब. करते फोन."

बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मास्तरांसारखा नकाशाभर उत्तरेचा वारा सोडला. मधले बाण सरळ आले आणि कडेचे तिरके.

"मॅडम, हा जुना अजून चालूच आहे?" शेजारचा इंजिनिअर म्हणाला. "मला वाटलं, कधीच बंद केलाय."

"मलाही तसंच वाटलं होतं."

त्यांनी नव्याचं वळवणं थांबवलं. सगळे बाण सरळ झाले. मग वादळाचा वारा नव्याने काढला आणि फोन उचलला.

"वायव्येचा आहे. खाडीत ने." बाई म्हणाल्या. "मागचा अंदाजही वायव्येचाच निघायला हवा होता रे. चूक आमची होती."

पलीकडे दोर सोडल्याचा आवाज आला.

"त्याचं नंतर बोलू, ताई. आधी होडी नेतो."

होडी वाचली. त्या वादळात बंदराच्या भिंतीचं टोकच वाहून गेलं.

आता रोज सकाळी बाई मला उत्तरेचा वारा देतात आणि त्या बंदराचा कोपरा सगळ्यात आधी बघतात. मित्रांनो, जुन्याला ठेवणार असाल तर अधूनमधून त्याची विचारपूस करा. काढणार असाल तर खुशाल काढा, पण काढल्याची खात्री करा. आणि तपासायला बसाल तेव्हा कडेपासून सुरुवात करा. तिथे कुणीतरी तीन बोटांनी दोर धरून तुमच्या शब्दाची वाट बघत असतं.