सतरा खडे, चार थर

लालबागच्या आमच्या गोविंदा पथकात मी नऊ वर्षं सगळ्यात खालच्या थरात होतो. वजन पंच्याण्णव किलो. खालच्या माणसाला हंडी दिसत नाही, समोरच्याची मान दिसते. माझ्या वाट्याला पुष्करची मान होती. तिच्यावरचा तीळ वाढतोय हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळलं.

मला एकदा, फक्त एकदा, तिसऱ्या थरावरून हंडी बघायची होती.

"वजन उतरव, मग बोल," गुणाजीकाका म्हणाले. गिरणी बंद पडल्यापासून पथकाचे थर तेच लावतात.

मी उतरवलं. आठ आठवड्यांत अठरा किलो. सकाळी कोरा चहा, दुपारी अर्धी काकडी, संध्याकाळी उरलेली अर्धी. मधल्या वेळेत आरशासमोर उभं राहून स्वतःचं कौतुक.

"घरात सुतक आसा काय?" आई रोज विचारायची.

काटा सत्त्याहत्तरवर आला तेव्हा काका म्हणाले, "रविवारी तिसऱ्यावर चढ." आईने त्या आनंदात रविवारी कोंबडी-वडे केले. मी अकरा वडे खाल्ले, रस्सा वाटीने प्यायलो आणि दोन तासांनी सरावाला जाऊन तिसऱ्या थरावर उभा राहिलो.

वरून टांगलेलं मडकं दिसलं. सुंदर होतं. तेवढ्यात उजव्या बरगडीखाली कोणीतरी आतून पान्याने नट आवळावा तशी कळ आली. मी शेजाऱ्याचा खांदा सोडून पोट धरलं. मग सगळेच खाली आले. मी पुष्करच्या मानेवर पडलो. निदान जागा ओळखीची होती.

"काय झाला रे तुका?" काका ओरडले.

"हार्ट," मी म्हणालो. छोटा विचार मी करतच नाही.

"हार्ट डावीकडे असता, मेल्या!"

हॉस्पिटलात डॉक्टर नूपुरनी सोनोग्राफी बघून सांगितलं, पित्ताशयात खडे आहेत.

"पण मॅडम, मी तर बारीक झालो!"

"किती दिवसांत?"

मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आधी तुमचं पोट सुटलेलं, साखर काठावर, लिव्हरवर चरबी. अशा शरीरात पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं आणि त्याचे खडे होतात. त्यात तुम्ही एकदम उपाशी राहिलात. चरबी वितळून आणखी कोलेस्टेरॉल पित्तात आलं. आणि पित्ताशय रिकामं होतं जेवल्यावर. तुम्ही जेवतच नव्हतात, मग पित्त तिथेच साचून राहिलं."

"म्हणजे खाल्लं तरी खडे, नाही खाल्लं तरी खडे?"

"घाई केली की खडे. महिन्याला दोन-तीन किलो उतरवले असते तर धोका बराच कमी होता."

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सिस्टरने पित्ताशयातले सतरा खडे बाटलीत घालून दिले. मोठे बहुतेक जुने, बारीक बहुतेक नवे, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे मोठे वड्यांचे, बारीक काकडीचे. दीड महिना ओझं उचलणं बंद, चढणं बंद. दहीहंडीला तीन आठवडे होते.

काका भेटायला आले. सोबत पुष्कर, मानेला पट्टा. काकांनी बाटली ताटात ओतली आणि सवयीने थर लावायला घेतले. खाली आठ, मग पाच, मग तीन, वर एक.

"किती लागले?" पुष्करने विचारलं. त्याला खाली बघता येत नव्हतं.

"चार. ह्यो तू," काकांनी मला खालचा सगळ्यात जाडा खडा दाखवला. "पुढल्या वर्षी परत खाली ये. चरबी नको, ताकद घेऊन ये. आणि जेवून ये."

दहीहंडीच्या दिवशी आईने मला चाळीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून दिली. बरोबर तिसऱ्या थराची उंची. हातात पेजेची वाटी. खाली थर लागले, बाजा थांबला, सगळ्यात वरचं पोर उभं राहिलं.

हंडी फुटली म्हणतात. मला दिसली नाही. ऐन वेळी पुष्कर माझ्यासमोर येऊन कठड्याला टेकला आणि पट्ट्यामुळे त्याला मान बाजूला करता येईना.

पट्ट्याच्या वर दिसणारा तीळ मात्र आणखी वाढलेला नाही.