प्रश्नानंतरची शांतता

मॅडम विद्यापीठाचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स घरूनच शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे काय, तर मागच्या खोलीत कानांना हेडफोन लावून लॅपटॉपशी बोलायच्या आणि तो व्हिडिओ कोर्सच्या पानावर चढवायच्या. भिंतीशी बोलल्यासारखंच ते. पण एक खोड त्यांनी सोडली नव्हती. प्रश्न विचारला की त्या गप्प बसत, आणि ती शांतता व्हिडिओतून कापत नसत. हा आईचा धडा. आईने जन्मभर शाळेत शिकवलं होतं. "प्रश्न विचारलास ना? मग आता तोंड मिट. उत्तराला यायला वेळ लागतो," असं ती म्हणायची.

आता आईचंच तोंड मिटलं होतं. पक्षाघात झाल्यापासून ती शेजारच्या खोलीत पडून होती. डोळे उघडे, पण तोंडातून शब्द नाही. दादाने तिच्यासाठी एक शुश्रूषागृह पाहून ठेवलं होतं आणि रविवारी तिला न्यायला गाडी येणार होती.

"तिला काही कळत नाही गं," दादा फोनवर म्हणाला. "तू उगाच जिवाचं रान करतेस. हो म्हण आणि मोकळी हो."

मॅडमना हो म्हणवेना, आणि नाही म्हणायचं बळही उरलं नव्हतं. आईलाच विचारता आलं असतं तर!

त्याच दुपारी एका विद्यार्थिनीचा मेसेज आला. "मॅडम, लूपच्या लेक्चरमध्ये मागून उत्तर देतात त्या कोण?"

कार्टी टवाळी करतेय, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी तो व्हिडिओ लावला. पडद्यावर त्या विचारत होत्या, "लूप म्हणजे तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणं. या लूपला थांबायची अटच घातलेली नाही. मग ते कधी थांबेल?" पुढे नेहमीची शांतता. आणि त्या शांततेत, पुसट पण स्वच्छ उच्चारात, कुणीतरी म्हणालं, "कधीच नाही."

आवाज आईचा होता. मॅडमची पाचावर धारण बसली. हेडफोनमुळे आपल्याला तेव्हा ऐकू आलं नसेल, अशी मनाची समजूत घालत त्या शेजारच्या खोलीत गेल्या. आई छताकडे टक लावून होती. ओठ सुकून एकमेकांना चिकटलेले.

मग त्यांनी जे केलं ते शहाण्या माणसाने केलं नसतं. लॅपटॉप आईच्या उशाशी आणला, हेडफोन काढून ठेवले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. "आई, रविवारी तिकडे जायचंय का तुला?" एवढं विचारून त्या गप्प बसल्या, नजर आईच्या ओठांवर. ओठ हलले नाहीत. खोलीत हूं की चूं नाही. शेवटी त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं आणि लावून पाहिलं.

त्यांचा प्रश्न. शांतता. मग आईचा आवाज, शाळेतला, करडा तरी मायेचा. "ते राहू दे. आधी तू सांग. मला कंटाळलीस का?"

आणि तो आवाजही गप्प झाला.

"नाही" म्हणायला मॅडमनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आईपुढे त्यांचं खोटं कधीच टिकलं नव्हतं. पडद्यावरची वेळ मात्र पुढे सरकत राहिली. इतका वेळ त्यांनी रेकॉर्डिंग केलंच नव्हतं. त्यांनी बंद करायचं बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. ती शांतता काही थांबेना.

त्यांनी मान वर केली. आई आता छताकडे पाहत नव्हती. ती त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिला मुळीच घाई नव्हती.