बोटभर फट

मी जुना आहे, लोखंडाचा आहे आणि बरीच वर्षे बिनकामाचा होतो. नदीचे दोन काठ धरून उभा असलेला पूल. माझ्या दोन्ही तोंडांशी आडवे खांब लावून रस्ता बंद केला, तेव्हापासून मित्रांनो, विचार करायला मला वेळच वेळ मिळाला.

माझे अंग त्रिकोणांचे आहे. चौकोन रेटला की कलतो, त्रिकोण कलत नाही. मला जोडताना एक कामगार लालबुंद रिव्हेट, म्हणजे जोडाचे जाड खिळे, चिमट्याने वर भिरकावायचा, दुसरा ते डब्यात झेलायचा, तिसरा ठोकायचा. हुकलेले रिव्हेट नदीत चुर्र होऊन विझत. अजून तळाशी असतील का ते? मला वाकून पाहता येत नाही.

माझे एक टोक काठाला घट्ट बांधले. दुसरे मात्र लोखंडी रोलरांवर नुसते टेकवले आणि समोरच्या भिंतीपाशी बोटभर फट सोडली. तापले की लोखंड लांबते. रोज दुपारी मी आळस दिल्यासारखा थोडा लांब व्हायचो आणि रात्री आखडायचो. वरून जाणाऱ्यांना याचा पत्ताही नसे.

पुढे एका दुरुस्तीत मुकादमाला ती फट खुपली. माणूस नीटनेटका. आधीच्यांनी काम अर्धवट सोडले असे समजून त्याने फटीत आणि रोलरांभोवती सिमेंट ठासले, वरून थापी फिरवली. त्याला शाबासकीही मिळाली. दुपारी मी लांबायला गेलो, तर जागाच नाही! काही उन्हाळ्यांत भिंत तडकली. पूल म्हातारा झाला, काठ खचतो आहे, असे ठरले. वाहने नव्या पुलावर गेली. शेवटी मला कापून भंगारात द्यायचे ठरले. एक तपासणी तेवढी उरली.

तपासणीला आलेली इंजिनीअर त्या मुकादमाची भाची होती. निवृत्त मामाही काठी टेकत सोबत आला. ती हातोडीने एकेक रिव्हेट वाजवून आवाज ऐकत होती. जेवून घे, लोखंड काही पळून जात नाही, असे मामाचे चालले होते. शेवटच्या टोकाशी ती थबकली.

"मामा, इथे फट होती का रे?"

"होती तर. मीच बुजवली. बघ, तेव्हापासून हे टोक केसभर हललं नाही."

"तेच तर. ते हलायला हवं होतं."

मामाने तडकलेल्या भिंतीकडे पाहिले.

"अगं, पण मला कळणार कसं? फट थोडीच बोलते?" तो म्हणाला. मग हात पुढे केला. "छिन्नी आण."

मला कापायचे रद्द झाले. सिमेंट निघाले, रोलरांचा गंज खरवडून वंगण घातले गेले, भिंत सांधली. माझ्यावर आणि खालच्या न हलणाऱ्या पट्टीवर भाचीने खडूची एक सलग रेघ ओढली. दुपारी दोघे डबा उघडून सावलीत बसले. रेघ मधोमध तुटून पुढेमागे झालेली दिसली आणि घास हातात धरूनच मामा म्हणाला, "सरकला गं!"

अवजड गाड्या आता मला पेलणार नाहीत, पण पायी येणाऱ्यांसाठी खांब काढले आहेत. मित्रांनो, कुठे रिकामी जागा दिसली, तर बुजवण्याआधी एवढे विचारा, की ती कोणासाठी सोडली आहे?

मामा अजून भर उन्हात येतो आणि फटीत करंगळी घालून पाहतो. करंगळी शिरली नाही, की खूश होऊन घरी जातो.