मागचा हीटर

वॉल्टरकाका व्हॅनच्या मागच्या सीटसमोर गुडघ्यांवर बसले आणि हीटरची बटणं पुन्हा एकदा ओळीने दाबून पाहिली. वारा नाही, ऊब नाही, काही नाही.

“नव्या सुनेसारखी रुसलीत,” ते म्हणाले. “हाका मारा, डिवचा, ओ म्हणून देत नाहीत.”

“हळू बोल. तुझ्या सुनेने ऐकलं तर ख्रिसमसला तिच्या हातची उकडलेली पेरोगी खायला मिळायची नाहीत तुला,” गराजच्या दारातून ओल्गा म्हणाली. शाल पांघरून ती दिराचं काम बघत उभी होती.

तिचा मुलगा मायरन कॉफीचा मग धरून बाजूला उभा होता. कॉफी केव्हाच गार झाली होती.

काकांनी फ्यूज काढून बघितला होता. तो चांगलाच होता. तरी त्यांनी नवा घातला. आता ते पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर शोधत होते.

“हे सगळं खोलावं लागणार. आत एखादी वायर सुटली असेल.”

“काका, राहू द्या ना. तुमची कंबर धरेल. मी देतो ना गराजवाल्याकडे.”

“हिवाळाभर हेच म्हणतोयस म्हणे,” काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

बिघडलं काहीच नव्हतं. डॅशबोर्डवर, ड्रायव्हरच्या हाताशी, एक बटण होतं. ते दाबलं की मागच्या बटणांना कुलूप लागायचं. लहान पोरांनी चाळे करू नयेत म्हणून केलेली ती सोय. मायरनने ती आईवर वापरली होती.

डायलिसिसहून परतताना ओल्गाला हुडहुडी भरायची. रक्तच गार करून परत देतात मेले, असं ती म्हणायची आणि मागचा हीटर शेवटापर्यंत चढवायची. रिजायना शहरातून गावी येणारा तो सरळसोट रस्ता, दोन्हीकडे बर्फ, आणि गाडीत भट्टी. एकदा मायरनची पापणी मिटली आणि चाकं रस्त्याकडेच्या खडीवर गेली. तेव्हाच सांगायचं होतं, ‘आई, मला झोप येते गं.’ पण धडधाकट पन्नाशीच्या माणसाने हे कसं सांगायचं? त्याने कुलूप लावलं. आईने बटण दाबून पाहिलं आणि विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “बिघडलंय वाटतं.”

त्या दिवसापुरती वेळ मारून न्यायची होती, एवढंच. पण पुढच्या खेपेला ती घरून तपकिरी ब्लँकेट घेऊन आली, तक्रारीचा शब्द न काढता. मग कुलूप काढायचं कोणत्या तोंडाने?

काल जेवताना ती म्हणाली होती, “सकाळी वॉल्टर येतोय हीटर बघायला. त्याआधी तू एकदा बघून घेतोस का?”

“बघतो,” तो म्हणाला होता. गराजमध्ये जाऊन त्याने बटणावर बोटही ठेवलं होतं. पण आपोआप चालू झालं तर आईला शंका येईल, असं वाटून तसाच परत आला. चोराच्या मनात चांदणं.

आणि आता सत्तरी उलटलेला काका त्याच्या खोट्यापायी गार पत्र्यावर गुडघे टेकून बसला होता.

“मायरन, इंजिन परत सुरू कर बघू.”

तो पुढे बसला. चावी फिरवली.

“हे काय रे?” मागून काका म्हणाले. “इथे बारकं कुलपाचं चित्र आहे. दिवा लागलाय त्याचा.”

मायरनचे कान तापले. त्याने मागे न बघता ते बटण दाबलं. मागे भस्सकन वारा सुटला.

“अरे! झालं की चालू!” काका ओरडले. “बघितलंस ओल्गा? फ्यूजच होता तो. कधीकधी बसायला वेळ घेतो. हात लागतो, हात!” मग त्यांनी मान वर करून ओल्गाकडे बघितलं. “पण एवढं चित्र तुला कधी दिसलं नाही? तुझ्या गुडघ्यासमोरच तर आहे.”

ओल्गाने शाल सारखी केली.

“माझे डोळे कुठले आता तसले,” ती म्हणाली. “चल, सूप गरम आहे.”

मायरनने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरातून काकांचं हसणं ऐकू येत होतं.

सोमवारी त्याने व्हॅन आधीच तापवून ठेवली. स्वतः जाकीट काढून बसला, आणि झोप येऊ नये म्हणून खिडकी बोटभर उघडली. ओल्गा मागे बसली. ईस्टरच्या टोपलीवर घालायचा भरतकामाचा रुमाल तिने पिशवीतून काढला. मग ब्लँकेट उलगडून मांडीवर घेतलं.

गाव मागे पडलं. आज सांगून टाकायचं, हे त्याने ठरवलं होतं.

“आई, तो हीटर...”

“चालतोय ना आता? झालं तर मग.”

“मग ब्लँकेट कशाला आणलंस?”

“असू दे रे,” ती म्हणाली. “परत बिघडला तर?”

बर्फाच्या ढेकळावरून व्हॅन हिसकली. त्याने आरशात पाहिलं. ओल्गाने लाल दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि धावत्या गाडीत, पहिल्याच झटक्यात, बारीक सुईत ओवलं.