एक बरी वागुई

युएशियाबाईंनी वाटी उचलून डोळ्यांसमोर किंचित कलती धरली, एक डोळा बारीक केला आणि वाटी परत टेबलावर ठेवली.

“खळी नाही,” त्या म्हणाल्या.

समोर बसलेल्या क्वोने मान लांब करून वाटीत पाहिलं. तांदळाच्या पिठाची वाफवलेली वागुई वाटीत काठोकाठ बसली होती, वर डुकराच्या मांसाचा तपकिरी रस्सा, बाजूला वाटलेला लसूण. त्याला तिच्यात काहीच खोट दिसेना.

“वाफ जोरात असली की मधोमध खळी पडते. ही सपाट आहे, म्हणजे मंद आचेवर रेंगाळत शिजली.” त्यांनी बांबूच्या चपट्या काडीने दोन घास कापून तोंडात टाकले, चावता चावता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि वाटी क्वोपुढे सरकवली. “घ्या. अन्न टाकू नये.”

“मावशी, ही चौथी.”

“मग काय झालं? अंगापिंडाने चांगले धडधाकट दिसता.”

क्वो चौदा वर्षं ताइनान शहरात दिवसाच्या भाड्याने गाडी चालवत होता. पाहुणे म्हणतील ती ठिकाणं, पाहुणे म्हणतील त्या क्रमाने, असं त्याच्या कार्डावरच छापलेलं होतं आणि तो शब्दाला जागणारा माणूस होता. कुणाला दिवसभर नुसत्या देवळांच्या दारांचे फोटो काढायचे असत. मधुचंद्राला आलेलं एक जोडपं मागच्या सीटवर सहा तास घोरत पडलं होतं, त्यांनाही त्याने गावभर फिरवून आणलं होतं. पण सकाळपासून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाऊन फक्त वागुई खाणारं आणि तीही दोन घास खाऊन ड्रायव्हरच्या गळ्यात मारणारं गिऱ्हाईक त्याने आजच पाहिलं.

सकाळी नऊला त्या स्टेशनसमोरच्या चौकात उभ्या होत्या. रुंद काठाची टोपी, तोंडाला मास्क, काखेत पिशवी. चियायीहून आले, म्हणाल्या. क्वोने ठिकाणांची यादी पुढे केली तर त्यांनी ती न उलगडताच परत दिली.

“मला गावातल्या चांगल्या वागुईच्या दुकानांत न्या. रांगा लागतात ती नकोत. इथले लोक जातात ती.”

ही मागणी ऐकून क्वो खूश झाला होता, कारण रांगेत उभं राहतो तो बाहेरचा, हे ताइनानमध्ये शेंबडं पोरही सांगेल. इथे ज्याच्या त्याच्या गल्लीतलं दुकान हेच जगात एक नंबर असतं आणि शेजारच्या गल्लीतलं खाण्याजोगं नसतं. पण आता चौथ्या वाटीनंतर त्याची खुशी पोटात जड झाली होती.

युएशियाबाई चियायीहून आल्या हे खोटं नव्हतं. काल दुपारी त्या बहिणीकडे गेल्या होत्या, दोन दिवस राहते असं घरी सांगून. आज पहाटेच बहिणीला न उठवता त्यांनी परतीची गाडी पकडली. त्यांचं घर स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर होतं आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं स्वतःचं वागुईचं दुकान होतं. सासूने सुरू केलेलं, त्यांनी एक्कावन्न वर्षं चालवलेलं, पाटी नसलेलं दुकान. पाटी लावली की लोकांना वाटतं गिऱ्हाईक कमी आहे, असं सासू म्हणायची.

युएशियाबाईंची मनगटं मात्र आता गेली होती. डॉक्टरांनी वाफेची टोपली उचलायला सक्त मनाई केली होती. दूध घातलेला थंड चहा विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस तीनदा येऊन जागा पाहून गेला होता, भाडंही घसघशीत सांगत होता. मुलगा म्हणाला, आई, भाडं घे आणि पाय वर करून बस. सून काही म्हणाली नाही. तिला कुणी विचारलंही नव्हतं. उद्या सकाळी तो माणूस सहीसाठी येणार होता.

सही करायला त्यांची ना नव्हती. फक्त रात्री झोप लागत नव्हती. काही गिऱ्हाइकं अशी होती की ज्यांच्या आजोबांना त्यांनी वाटी भरून दिली होती. मग पडल्या पडल्या त्यांनी मनाशी ठरवलं: गावात एक तरी बरी वागुई उरली असेल, तर आपलं दुकान बंद करायला हरकत नाही. लोक तिकडे जातील. ती एक वाटी शोधायला ही गाडी होती.

पाचव्या दुकानात त्यांनी मालकालाच विचारलं, “तांदूळ जुना वापरता ना?”

“तांदूळ कसला, मावशी? तयार पीठ येतं पोत्यातून. पाणी घातलं की झालं. कोण दळत बसणार?”

“तरीच,” युएशियाबाई म्हणाल्या.

“काय तरीच?”

“तरीच तुमचे हात इतके मऊ आहेत.”

मालक हसला. त्याला ती तारीफ वाटली. क्वोने तोंड फिरवून पाचवी वाटी संपवली.

गाडीत बसल्यावर बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर गुलमोहर पेटल्यासारखा फुलला होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं. हे सगळं वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पोट भरेल असं होतं. पण आपली माणसं ज्याच्या हवाली करावीत असं यातलं एकही दुकान नव्हतं.

क्वोने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. पाहुण्याचं तोंड असं उतरलेलं त्याला चालत नसे.

“मावशी, एक जागा आहे. मी पाहुण्यांना कधी दाखवत नाही.”

“का?”

“पाहुण्यांनी फोटो टाकले की रांग लागणार. मग मी कुठे बसू? पण तुम्हाला दाखवतो. तुम्हाला खाण्यातलं कळतं.” त्याने गाडी वळवली. “सून पुढे गल्ल्यावर असते. व्हिएतनामची आहे, पण आपल्यापेक्षा चांगलं बोलते. सासू आत भट्टीवर. सासूला कुणी पाहिलेलं नाही, नुसता आवाज ऐकलाय. ‘झाकण!’ ‘पाणी!’ ‘हात चालव!’ असली खाष्ट बाई आहे ना, ती ओरडली की बाहेर गिऱ्हाईक सरळ बसतं.”

युएशियाबाईंनी टोपी कपाळावर ओढली.

“पण हाताला तोड नाही,” क्वो म्हणाला. “तिने मला जन्मभर शिव्या दिल्या तरी मी तिथेच खाईन.”

मात्सू देवीचं देऊळ मागे पडलं आणि गाडी ओळखीच्या गल्लीच्या तोंडाशी आली. सकाळपासून त्या गावातल्या कितीतरी गल्ल्या फिरल्या होत्या, ही एक सोडून. काल दुपारपासून दुकानात त्यांची सून थुई एकटी होती. सोळा वर्षं तिने वाट्या पुसल्या, लसूण वाटला, रस्सा ढवळला, पैसे घेतले. पण दळलेल्या तांदळावर उकळतं पाणी ओतून ते अर्धं शिजवायचं आणि नेमक्या क्षणाला ढवळणं थांबवायचं, तो एक क्षण बाईंनी कधी तिच्या हाती दिला नव्हता. एक पळ पुढे गेलं की खळ होते, एक पळ आधी थांबलं की पाणी आणि पीठ वेगळं. दोन दिवस दुकान बंद ठेव असं त्या थुईला सांगून गेल्या होत्या. आणि दुकान उघडं होतं.

“इथे नको,” त्या म्हणाल्या.

“अहो, आलोच की.” क्वो उतरून दारही उघडून उभा राहिला होता.

उतरणं भाग होतं. आत तीन टेबलं भरलेली होती. पलीकडच्या टेबलावर लोहाराच्या दुकानातले म्हातारे शू मान खाली घालून खात होते. कुणीही वर पाहिलं नाही. थुई चिमट्याने टोपलीतून वाटी काढत होती. एकाच स्वयंपाकघरात सोळा वर्षं काढलेल्या माणसापुढे टोपी आणि मास्कचं काय चालणार? तिचा चिमटा हवेतच थांबला.

“आ...”

“एक वाटी,” युएशियाबाई म्हणाल्या. “लसूण जास्त.”

थुईच्या तोंडचा रंग गेला. तिने बाईंकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या क्वोकडे पाहिलं.

“बसा, मावशी,” ती म्हणाली.

वाटी आली. बाईंनी ती कलती धरली नाही. धरायची गरजच नव्हती. मधोमध खळी होती, अंगठा बसेल एवढी, आणि तिच्यात रस्सा साठला होता. त्यांनी काडीने कडेपासून एक घास कापला. काडीला पीठ चिकटलं नाही. घास जिभेवर क्षणभर टिकला आणि मग मोडला.

दुसऱ्या घासाला त्यांनी डोळे मिटले. रस्स्यात काहीतरी होतं जे त्यांनी कधी घातलं नव्हतं. माशाचं खारं पाणी, थुईच्या माहेरचं, जेमतेम थेंबभर. आणि साखर कमी होती. बाईंना त्यांच्या जिभेने जे सांगितलं ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं: इतकी वर्षं त्या रस्स्यात काहीतरी कमी पडत होतं आणि त्या ते साखरेने झाकत होत्या. त्यांच्या सासूलाही ते सापडलं नव्हतं. ते या पोरीला सापडलं होतं, आणि ती गप्प बसून होती, कारण आतून कुणीतरी ‘झाकण’ म्हणून ओरडत होतं.

त्यांना आधी लाज वाटली. मग तिच्यामागून इतका आनंद आला की खाली बघत खाणं सोडून दुसरं काही सुचेना.

क्वो आपल्या पाळीची वाट बघत हात पोटावर ठेवून बसला होता. दोन घास झाले, चार झाले, सहा झाले. वाटी काही त्याच्याकडे सरकली नाही. बाईंनी काडीने वाटीची कडही खरवडली आणि रिकामी वाटी घेऊन त्या गल्ल्यापाशी गेल्या.

“आणखी एक.”

थुईने टोपलीचं झाकण उचललं.

“रस्स्यात काय घातलंस?”

“आई, थेंबभरच,” थुई हळू आवाजात म्हणाली. “पहाटे शूकाका दार वाजवत होते. तांदूळ तुम्ही जायच्या आधी सवयीने भिजत घातलेला होता, फुकट गेला असता. म्हणून केलं. उद्यापासून नाही घालणार.”

“उद्यापासून कसलं? उद्या दुकान चहावाल्याचं.”

“हो,” थुई म्हणाली. तिने वाटी फडक्यावर ठेवली. मग सोळा वर्षांत पहिल्यांदा तिने मान वर करून सासूच्या डोळ्यांत पाहिलं. “पण मला द्यायचं नाहीये, आई. मला हे येतं.”

दुकानात सगळ्यांच्या काड्या थांबल्या. ‘आई’ हा शब्द ऐकून क्वो बसल्या जागी ताठ झाला होता आणि गाडीत आपण काय काय बोललो ते आठवून त्याचे कान लाल होत चालले होते.

युएशियाबाईंनी मास्क काढून पिशवीत टाकला आणि फोन काढला. चहावाल्या माणसाने पहिल्याच घंटेला उचलला.

“उद्या येऊ नका,” त्या म्हणाल्या. “नाही, भाड्याचा प्रश्न नाही. मी मनाशी म्हटलं होतं, गावात एक बरी वागुई मिळाली की सही करते. मिळाली. पण ती ह्याच जागेत मिळाली, त्याला मी काय करू?”

पलीकडचा माणूस काहीतरी बोलत होता. बाईंनी फोन बंद केला.

“माझ्यापेक्षा बरी झालीय,” त्या थुईला म्हणाल्या, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पोलिसाच्या भोंग्यासारखा तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. “शू, ऐकलंत ना? उद्या गल्लीत सांगा.”

“मी सकाळीच सांगितलं सगळ्यांना,” म्हातारे शू खाली बघत म्हणाले. “तुम्ही कुठे होता?”

थुई रडत होती आणि रडता रडता वाट्या मोजत होती. चारच उरल्या होत्या. पुढे दारात सहाजण उभे होते. बाईंनी सवयीने बाह्या सारल्या, भट्टीकडे एक पाऊल टाकलं आणि थांबल्या. मग बाह्या परत खाली ओढल्या.

“टोपली उचलायला उद्यापासून एक माणूस ठेव,” त्या म्हणाल्या. “आणि त्याच्यावर ओरडत जाऊ नकोस.”

दुसरी वाटी त्यांनी उभ्या उभ्याच संपवली. बाहेर क्वो गाडीचं दार धरून, खाली मान घालून उभा होता. अकरा वर्षं जिथे खाल्लं तिथली बाई आज मागच्या सीटवर बसवून आपण तिच्याच गावात फिरवली, हे त्याला अजून पचत नव्हतं. सकाळपासून पोटात गेलेल्या पाच वाट्याही पचायच्या बाकी होत्या.

“मावशी, ते मघाशी मी जे...”

“गाडी किती वाजेपर्यंत आहे?”

“पाचपर्यंत.”

“आता दीड वाजलाय.” युएशियाबाई मागचं दार सोडून पुढे गेल्या, त्याच्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि पट्टा ओढून लावला. “चला. गाव दाखवा.”

“कोणतं गाव?”

“हेच.”

“पण तुम्ही तर इथल्याच.”

“पहाटे तीनला भट्टी, दुपारी तीनला झोप, संध्याकाळी तांदूळ भिजवायचा. एक्कावन्न वर्षं,” त्या म्हणाल्या. “मी कधी बघितलं?”

क्वोने थोडा वेळ विचार केला आणि गाडी समुद्राच्या बाजूला घेतली.